सुमनवहिनीच्या पोटात वाढत होतं ते

वहिनीची ओटी भरली, तेव्हा तिच्या पोटात बाळ नव्हतंच.

आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली. फेसबुकवर असलं कोणी लिहितं का, असं माझी सून म्हणेल. म्हणू दे.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. आम्ही वडनेरचे. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, असं पिकवायचं आणि हिंगणघाटच्या बाजारात विकायचं. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी घरात पाळणा नव्हता. मायनं गिरडच्या टेकडीवर जाऊन नवस बोलला.

आणि सुमनवहिनीची पाळी चुकली. पोट दिसायला लागलं.

काय सांगू बाप्पा, नुसती दिवाळी!

आमच्या घरचा दंडक होता. नवसाचं लेकरू पोटात असलं की बाईनं गावाची शीव ओलांडायची नाही. म्हणजे डॉक्टर नाही, दवाखाना नाही.

सातव्यात ओटी भरली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, बायांची गाणी. मी शेजारी बसले होते. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कुसुमबाई, हे हालून नाई राह्यलं."

"काय?"

"पोटातलं. एक डाव बी हाललं नाई. मले लय भेव वाटते."

मी मायला सांगितलं, तर ती माझ्यावरच खेकसली. "शुभ बोल नाऱ्या! पोरगी असन. पोरी गरीबच असतात." आणि वहिनीला म्हणाली, "तू भेऊ नोको. भेल्यानं लेकराले बाधते."

झालं. त्या दिवसापासून तिला भ्यायचीही बंदी.

नववा गेला. दहावा गेला. काही बाया बारा-बारा महिने वागवतात, गाव म्हणालं. मग कोणी करणी म्हणालं. वहिनीचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं वाढतच राहिलं. खरं सांगते, मला तिच्याकडं बघायचीसुद्धा भीती वाटायची.

शेवटी दादाचं डोकं फिरलं. "लेकरू गेलं चुलीत! मले माही बायको पाह्यजे," म्हणाला आणि बंडी जुंपली.

हिंगणघाटच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, "हे बाळ नाही." जलोदर असेल म्हणून सुई टोचली. पाणी आलंच नाही. जाड सुई घातली, तेव्हा चिकट, पिवळट असं थोडंसं आलं. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली.

"वर्ध्याला न्या. आजच न्या."

तेव्हा स्कॅन कुठले हो? वर्ध्याचे सर्जन सरळ बोलले, "उघडल्याशिवाय मलाही कळणार नाही. कदाचित उघडून तसंच शिवावंही लागेल."

दादा बाहेर चहाचा कप धरून बसला. चहा गार झाला तरी त्याला समजलं नाही.

मग आम्हाला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बोलावलं आणि एक घमेलं दाखवलं. साबुदाण्याची खीर असावी तसं. काठोकाठ. दादाला घेरी आली.

"ओंजळीनं काढलं," डॉक्टर म्हणाले. "पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरणारा ट्यूमर आहे. फार क्वचित दिसतो. जमेल तेवढा काढला, आत औषध सोडलं. पण कण राहून जातात. पुन्हा भरू शकतं."

पुन्हा. त्या एका शब्दानं आमची झोप उडवली.

वहिनी उठली, वाफ्यात कामाला लागली. पण रोज सकाळी परकराची नाडी बांधताना थांबायची. मी चुलीपुढून तिच्या तोंडाकडं बघायची. "सैल हाय," ती म्हणायची, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव यायचा.

काही वर्षं अशी गेली. मग एका सकाळी तिनं नाडी बांधली आणि काहीच बोलली नाही.

दुसरं ऑपरेशन झालं. आतडी एकमेकांना चिकटली होती, थोडंच निघालं. पुन्हा भरायला फार वेळ लागला नाही. आम्ही सगळे रोज एकच म्हणायचो, भेऊ नको, भेऊ नको. ती मान हलवायची.

शेवटच्या वेळी आम्ही एसटीनं वर्ध्याला निघालो. गाडी गच्च. एक म्हातारी उठली आणि शेजारच्या माणसालाही हुसकलं.

"बस माय, दोन जिवाची हायस. कितवा?"

माझं टाळकंच सटकलं. मी बोलणार, तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला.

"आठवा, आजी."

म्हातारी तिच्याजवळ बसली. तिच्याकडं नीट बघितलं. "भेते काय?"

"नाई जी."

"काऊन खोटं बोलतं पोरी? भे, खुशाल भे. मी वर्ध्यापर्यंत हावो तुयासंगं."

वहिनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. इतक्या वर्षांत आमच्यापुढं एकदाही रडली नव्हती.

त्या दवाखान्यातून ती घरी आली नाही.

सुमनवहिनी, जिथं असशील तिथं निवांत राह्यजो.

तुझ्या कुसुमचा नमस्कार.