गच्चीची किल्ली आणि माझा वैयक्तिक प्रतिसाद

हसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चहा घ्या, खारी घ्या, पण हसलात तर खारी परत! माझं डोकं अजून तापलेलं आहे. या प्रकरणात मी माझ्या हाताने माझी जी वाट लावली, ती सात दुश्मनांना मिळूनही लावता आली नसती.

झालं असं, ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरात सुनंदाच्या पायात पायात यायला लागलो. ती म्हणाली, "कुठेतरी अडका हो!" मी एम. ए. मराठीला अडकलो. दर शनिवारी वर्ग. पोरं सगळी माझ्या मुलीच्या वयाची आणि शिकवणाऱ्या केतकी मॅडम जेमतेम तिच्या ताईसारख्या. मला 'काका' म्हणतात आणि भाच्याला झापावं तसं झापतात.

तर एका शनिवारी मॅडमनी एका गोष्टीच्या झेरॉक्स वाटल्या. "गाईड बघायचं नाही. समीक्षा नको. वाचताना तुम्हाला स्वतःला काय वाटलं, तेवढंच लिहून आणा. वैयक्तिक प्रतिसाद!"

"काहीही वाटलं तरी चालेल?" मी विचारलं.

"काहीही, काका. फक्त मनापासून."

मनापासून! तिथेच घात झाला.

घरी येऊन वाचायला बसलो. गोष्ट एका हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीची. हा गृहस्थ गच्चीला कुलूप ठोकतो. वर पाटी लावतो, 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी बंद'. किल्ली स्वतःच्या लेंग्याच्या खिशात. आणि दुपारी बिल्डिंग झोपली की त्याची बायको त्याच गच्चीवर खुशाल कुरडया वाळत घालते!

मी ताडकन उठलो. पंखा डोक्यावर फिरत होता, तरी कानशिलं अशी तापली की चष्म्यावर वाफ धरली.

का म्हणून काय विचारता? अंधेरीच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी कोण? मी! इतकी वर्षं बिनविरोध, की निवडणूक कशी असते तेच लोक विसरले. गच्चीला कुलूप कोणी ठोकलं? मी! पाटी कोणी रंगवली? मीच, चांगली तीन रंगांत! आणि किल्ली... जाऊ द्या, सगळंच आत्ता विचारू नका.

त्यात दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सोसायटीची वार्षिक सभा. सेक्रेटरीची निवड! म्हणजे बघा, कसा नेम धरून वार केला होता! लेखकाचं नाव शोधायला गेलो, तर ते झेरॉक्सच्या काळ्या पट्ट्यात गडप. गडप झालं की गडप केलं? माझी खात्रीच पटली. हे आमच्याच बिल्डिंगमधल्या माणसाचं काम!

आणि तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रेस परेराबाई. इथल्या जुन्या गावठाणातल्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, भाषा अशी धारदार की भाजीवाला भाव न विचारताच कमी करतो. त्यांचा माझ्यावर राग होता. आमच्याकडे दुपारी जिन्यात सुक्या मासळीचा वास यायचा. तक्रारी आल्या. सेक्रेटरी म्हणून कोणाला तरी नोटीस देणं भागच होतं ना? परेराबाई वर्सोव्याहून मासळी आणतात, हे सगळ्यांना ठाऊक. ठोकली नोटीस त्यांच्या दारावर! वास खरा कुठून यायचा, ते सांगतो. घाई काय आहे?

"अहो, गोष्ट आहे ती," सुनंदा म्हणाली. "शेवटपर्यंत वाचा तरी!"

"शेवट वाचायचाय कोणाला? शेवट आता मी करतो!"

मी उरलेली दोन पानं सोफ्याखाली भिरकावली आणि तसाच नाक्यावर गेलो. जेवढी पानं वाचली होती तेवढ्यांच्या झेरॉक्स काढल्या. प्रत्येक घराला एक. बदनामी झाली तर सगळ्यांना कळायला नको?

रविवारी सभा. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. मी माईक हातात घेतला आणि गोष्ट मोठ्याने वाचायला लागलो. एकेक शब्द रागाने ठासत होतो. कुलपापाशी कोणीतरी खुसखुसलं. पाटीपाशी बायकांनी पदर तोंडाला लावले. खिशातल्या किल्लीपाशी अख्खं पार्किंग हसत होतं.

"अरे, झकास लिहिलंय!" दुसऱ्या मजल्यावरचा सावंत ओरडला. "कोणाचं आहे रे?"

"यांचं!" मी परेराबाईंकडे बोट रोखलं.

बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं आणि खाली ठेवलं. "अहो सेक्रेटरी, ही गोष्ट मी कॉलेजात असताना शिकले. तेव्हा ही बिल्डिंग कुठली? इथे माझ्या मामाचं भाताचं शेत होतं."

शहाणा माणूस इथे माईक ठेवून बसला असता. मी बसलो? छे!

सावंत पानं उलटीपालटी करत होता. "पण यात तुझं नाव कुठाय रे? आमच्या सोसायटीचंही नाव नाही. मग तुला एवढं का झोंबलं?"

"झोंबणार नाही तर काय! धडधडीत खोटं आहे हे!" मी माईकमध्ये गरजलो. "आमच्या घरच्या कुरडया या गच्चीवर कधीही, अगदी कधीही वाळत पडलेल्या नाहीत! सुनंदा वाळवते ते सोडे!"

माईक चांगला होता हो. समोरच्या बिल्डिंगमधले लोकसुद्धा गॅलरीत आले.

परेराबाई सावकाश उठल्या. त्या हसत नव्हत्या.

"सोडे," त्या म्हणाल्या. "म्हणजे सोललेली कोलंबी. गच्चीवर, दुपारच्या उन्हात. आणि नोटीस माझ्या दारावर?"

मी माईक पाठीमागे लपवला.

"शेजारची मुलं नाक धरून जायची माझ्या दारावरून. पाहुणे बोलवायचं सोडलं मी. सुका बोंबीलसुद्धा घरात आणायचा बंद केला, म्हटलं कोणाला त्रास नको. आणि वास तुमचा होता? काढा ती नोटीस. आत्ता. तुमच्या हातांनी."

गेलो. तीन मजले चढून गेलो, मागून सगळी वरात. डिंक मी स्वतःच लावला होता, रागाने भरपूर लावला होता. नखांनी खरवडून काढावा लागला. सगळ्यांच्या देखत हात जोडून माफी मागितली. किल्ली खिशातून काढून दिली तेव्हा तीसुद्धा सोड्यांसारखी वास मारत होती. सेक्रेटरी म्हणून परेराबाईंची निवड तिथल्या तिथे, जिन्यातच झाली. बिनविरोध!

एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारी सुनंदा त्या दिवशी थेट मालवणात पोचली. "तुमका कित्याक होयी होती ही उठाठेव?"

पुढच्या शनिवारी वर्गात गेलो. पिशवीत माझा वैयक्तिक प्रतिसाद होता, सभेच्या आदल्या रात्री लिहिलेला. 'ही साहित्यकृती नसून बदनामी आहे', अशी जळजळीत सुरुवात.

"काका, शेवट वाचलात?" मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला.

"राहिला," मी म्हटलं.

मॅडमनी वाचून दाखवला. काय होता म्हणता? त्या सेक्रेटरीवर कोणी आरोपच करत नाही! तरी तो सगळ्यांना गोळा करतो, आपण निर्दोष आहोत हे सांगायला तावातावाने उभा राहतो आणि कोणी विचारलेलं नसताना स्वतःच सगळं ओकून बसतो.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"मॅडम, शेवट फेक आहे यार," मागून एक पोरगा म्हणाला. "असं कोण करतं? एवढा येडा माणूस असतो का कुठे?"

सगळा वर्ग म्हणाला, हो ना! मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही गप्प का? तुमचा वैयक्तिक प्रतिसाद?"

मी प्रतिसाद पिशवीतच ठेवला आणि उभा राहिलो.

"मॅडम," मी म्हटलं, "शेवट शंभर टक्के खरा आहे. फक्त कुरडयांच्या जागी सोडे पाहिजे होते."