कमळाबाईचा हात

पोंभुर्ण्याच्या अलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांची जी वस्ती आहे, तिथं चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं नव्हतं, की ज्याचं अंग जन्मल्या जन्मल्या कमळाबाईनं चोळलं नव्हतं. बाळंतिणीची पाठ म्हणा, जाळं ओढून भरलेला खांदा म्हणा, मोहाच्या बियांचं कोमट तेल घेऊन ती बसली, की दुखणं पळालंच म्हणून समजा. सूज दिसली की हात गेलाच पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र. आणि त्याचा तिला गर्व होता, थोडाथोडका नव्हे.

२००३च्या एप्रिलात तिची लेक प्रेमिला सासरच्या गावी पहाटे मोहफुलं वेचायला गेली. फुलं खायला आलेल्या अस्वलानं तिचा डावा गाल फाडला. जीव वाचला, डोळा वाचला. पण जखम भरल्यावर गालाच्या जागी खड्डा राहिला. दोन वर्षांची भाग्यश्री आईला बघून किंचाळायची. जावई भूपेश वाईट माणूस नव्हता, पण लेकराचं रडणं त्याला सोसेना. "चेहरा ठीक होईपर्यंत मायेकडे राह्य," म्हणत त्यानं प्रेमिलाला माहेरी आणून सोडलं आणि पोरीला ठेवून घेतलं. प्रेमिलाला रूप नको होतं. पोरगी कडेवर यावी, एवढंच तिला हवं होतं.

डिसेंबरात चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नागपूरच्या डॉक्टरांचं शिबिर लागलं. तुझ्याच अंगातली चरबी काढून गालात भरू, असं डॉक्टर म्हणाले. मग तिचं पोट चिमटीत धरून पाहिलं आणि मांड्याही चाचपल्या. उन्हातान्हात राबणाऱ्या बाईच्या अंगावर चरबी असते कुठे? पोट, मांड्या, सगळीकडून मिळून कशीबशी पुरेल एवढी निघाली. प्रेमिला घाबरली होती, म्हणून कमळाबाईला उशाशी बसू दिलं. तिला वाटलं होतं, टोकदार सुई असेल. निघाली ती लांब, पोकळ, बोथट टोकाची नळी.

"टोकदार सुई आतली नस फोडते, बाई. ही नसेला बाजूला सारून जाते," डॉक्टर म्हणाले.

ओठाच्या कोपऱ्याशी एक बारीक भोक. तिथून ती नळी कातडीखाली परकरात नाडी ओवावी तशी सरकायची आणि मागे येताना थेंब थेंब चरबी सोडायची. खड्डा हळूहळू वर येत होता. कमळाबाई हरखून गेली. हा माणूस आपल्याच जातकुळीचा आहे, असं तिला वाटलं.

निघताना डॉक्टरांनी दोघींना बजावलं, "सूज येईल, आपोआप उतरेल. भरलेलं अजून रुजायचं आहे. महिनाभर गाल दाबायचा नाही, चोळायचा नाही, शेकायचा नाही." प्रेमिलानं कितीतरी वेळ आरसा सोडला नाही. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पोरीला घेऊन ये, असा तिनं भूपेशला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी गाल टम्म फुगला. प्रेमिला कण्हत पडली होती. सूज समोर आणि आपण स्वस्थ, असं कमळाबाईच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिनं तेलाची वाटी चुलीशी ठेवली.

"माय, डॉक्टर नाई म्हने ना?"

"त्याईले आपलं तेल काय ठाऊक? तू जन्मली तवापासून मीच चोळून राह्यली तुले."

प्रेमिलानं डोळे मिटून घेतले. त्या हातांना नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. कमळाबाईनं आठ दिवस रोज अंगठ्यानं दाबून दाबून चोळलं. सूज उतरली, तेव्हा तिनं वस्तीभर मिरवून सांगितलं.

मग सुजेमागोमाग गालही उतरत गेला.

जानेवारीच्या शेवटी दवाखान्यात पुन्हा आलेल्या डॉक्टरांनी त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणी चोळलं का?"

कमळाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाई जी," प्रेमिला म्हणाली, "कोनी हात नाई लावला."

पुन्हा भरता येईल का, असं तिनं विचारलं. डॉक्टरांनी तिच्या पोटाकडे पाहून मान हलवली. आता काढायला काही उरलं नव्हतं.

परतीची एसटी मूल गावाच्या थांब्यावर थांबली. मग कमळाबाईनं विचारलं, "काऊन खोटं बोलली वं?"

"डॉक्टर तुले बोलले असते ना, माय."

त्यापेक्षा लेकीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवरात्रीला वैनगंगेच्या वाळूत भूपेश भाग्यश्रीला घेऊन उभा होता. निरोप धाडला होता तो फिरवायला प्रेमिलाचं मन झालं नव्हतं. गालावर पदर ओढून, हातात पोरीसाठी घेतलेल्या बांगड्या धरून ती पुढं झाली. कमळाबाई बाजूला वाळूत टेकली होती. नदीवरच्या वाऱ्यानं पदर सरकला. पोरगी किंचाळली आणि धावत येऊन आजीच्या गळ्यात पडली.

प्रेमिला होती तिथंच थांबली. तिनं पदर पुन्हा सारखा केला आणि बांगड्या आईच्या हातात दिल्या.

"तूच घाल, माय. तुह्यापाशी रडत नाई थे."

पोरगी हुंदके देत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवायला कमळाबाई धजेना.