लव्हाळा ओळखायला रहिमतपूर, सांगायला आष्टा

१. माझ्या मामांनी आष्ट्यात हळदीसाठी नवं रान तयार केलं.
२. रहिमतपूरच्या मावशीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना दोन ट्रॉली शेणखत देऊ केलं.
३. मावशीने खताच्या ढिगाचा फोटो ग्रुपवर टाकला. ढिगाच्या कडेने काहीतरी हिरवं होतं. बाकी फोटोभर अंगठा.
४. ते हिरवं काय आहे हे बघायला मी गेले.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नातेवाइकांच्या मते याचा अर्थ असा, की त्यांच्या कुंडीतला मोगरा का सुकला हे मला फोनवर कळायला हवं.

शनिवारी सकाळी पुण्याहून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे साताऱ्यापर्यंत उभं राहणंही अर्ध्या पैशात झालं. पुढे रहिमतपूरच्या गाड्या भरपूर आहेत. फक्त आपण स्टँडवर असतो तेव्हा नसतात. तासभर धरून चला.

मावशीकडे घेवड्याची आमटी आणि भाकरी. त्या आमटीसाठी जायला हरकत नाही. मग ढीग. मावशीचे यजमान, म्हणजे काका, फौजेतून निवृत्त झालेत, त्यामुळे निदान आधीच झालेलं होतं. "हरळी हाय ती. त्यात बघायचं काय?"

मी दांडा चिमटीत फिरवला. हरळीचा दांडा गोल असतो, त्याला पेरं असतात. हा तीन कडांचा होता, पेर एकही नाही. खुरप्याने वीतभर उकरलं, तर दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी. एक चिरडली, दिवाळीच्या उटण्याचा वास आला. लव्हाळा. उपटलात की पानं हातात येतात, गाठी खाली राहतात आणि पुन्हा फुटतात. खत भरायला जेसीबी ठरलेला. त्याचं बकेट ढिगाखालची मातीही उचलणार, म्हणजे मामांच्या स्वच्छ रानात खताबरोबर लव्हाळाही पोहोचणार, तोही कायमचा.

हे मी व्यवस्थित समजावून सांगितलं. गाठ पुढे धरून. काकांना एकदम जनावरांना पाणी पाजायची आठवण झाली.

मावशी गाठीकडे बघत नव्हती. "म्हंजे माझ्या भावाला मी रोग देती व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी कराडमार्गे आष्टा. महामार्गाचं काम चालू आहे. वळणाचा फलक वळण संपल्यावर दिसतो. पाणी जवळ ठेवा.

मामांनी रान दाखवलं. खरंच तणाची एक काडी नव्हती. दोन उन्हाळे त्यांनी त्यात घातलेत. गाठ हातात घेऊन त्यांनी सगळं ऐकलं.

"गाठी काय, जल्मभर काढत बसीन. ताईच्या मनातनं कोन काढनार?"

मी म्हटलं, खत घ्याच, पण जेसीबी नको. वरचं खत फावड्याने भरा, कडा आणि खालचा वीतभर थर तिथेच सोडा. मामा म्हणाले, बघू. आमच्या घराण्यात या शब्दाचा अर्थ अजून कोणालाही लागलेला नाही. भडंगाची पुडी देऊन त्यांनी मला गाडीत बसवलं.

आता पुण्यात आहे. खर्च किरकोळ, प्रेक्षणीय स्थळ एकच, आणि ते शेणखताचं. ओळख बरोबर होती, याबद्दल शंका नाही. मावशीने विचारलं तेव्हा मी उत्तरादाखल पुन्हा गाठच पुढे केली होती, हे मात्र आता बरं वाटत नाही.

मामा, हे तुम्ही वाचता, मला माहीत आहे. जेसीबी येत्या शनिवारी येणार आहे. फावड्याने भरायचं का, आणि मावशीला तुम्ही सांगणार की मी पुन्हा जाऊ, हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.