चिकटवलेलं लिंबू

शाळेनं क्रीडादिनासाठी लिंबं मागितली तेव्हा मी हौसेनं पिशवीभर दिली. काष्टीजवळ आमची लिंबाची बाग आहे, आणि माझी पाच वर्षांची मुलगी लिंबू-चमच्याच्या शर्यतीसाठी कधीची तयारी करत होती.

ती उशिरा चालायला लागली. अजूनही धावताना तिच्या पायात पाय अडकतो, चेंडू हातात येऊन निसटतो. म्हणून रोज शाळेतून आली की ती बागेत चमच्यात लिंबू घेऊन चालायची. आधी पळी, मग मोठा चमचा, मग छोटा. लिंबू पडायचं, ती वाकून उचलायची आणि पुन्हा निघायची, जीभ दातांत धरून, नजर लिंबावर. बागेच्या टोकापर्यंत न पाडता पहिल्यांदा गेली, तेव्हा तिनं मला ते घरात कुणाला सांगूही दिलं नाही. म्हणाली, "शाळंतच दाखवू."

शर्यतीची शिट्टी वाजली आणि पोरं सुसाट सुटली. एकाचंही लिंबू पडेना. माझी मुलगी मध्येच थांबली. तिनं चमचा हळूच उलटा केला. लिंबू तसंच लटकत राहिलं.

"मम्मी, हे पडतच न्हाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

लिंबं डिंकानं चिकटवली होती. आमच्याच बागेतली लिंबं! मी तडक टीचरना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लिंबू पडलं की मुलं रडतात हो. शूटिंग चालू आहे, व्हिडिओ छान यायला हवा." माझं डोकंच फिरलं. मुलांनी तोल सावरायला शिकावं म्हणून हा खेळ असतो, की ग्रुपवर टाकायला? पुढे मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तोवर मुलीनं लिंबू ओढून काढलं होतं. डिंक फ्रॉकला पुसून तिनं ते पुन्हा चमच्यात ठेवलं आणि चालू लागली. वाटेत ते पडलं, तिनं उचललं. ती पोचली तेव्हा शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळून झाली होती आणि पुढच्या शर्यतीची मुलं ओळीत उभी राहत होती. लिंबू मात्र चमच्यात होतं.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. चिकटवलेली लिंबं घेऊन पळणारी सगळी पोरं त्यात होती. अख्ख्या मैदानात खरंच लिंबू सांभाळत चाललेली एकटी माझी मुलगी, आणि नेमकं तिलाच व्हिडिओतून कापलं होतं. माझ्या मांडीवर बसून तिनं तो शेवटपर्यंत पाहिला.

"परत लाव ना मम्मी," ती म्हणाली, "मी आलेच न्हाई अजून."