गुलाबभाऊंचं प्रॉम्प्टिंग

मी चिमूरची. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आमच्या घरात सगळ्यात आधी हसणारी मीच... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते घडलं.

नाट्यशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं सत्र व्यावसायिक कंपनीत काम करून पूर्ण करायचं होतं. वर्गातले बाकीचे पुण्या-मुंबईला गेले, मी वडशाला आले, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत. इथं तालमी जवळपास नसतातच. आज हे गाव, उद्या ते! सगळी मदार प्रॉम्प्टरवर. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून तो प्रत्येक वाक्य आधी हळूच बोलतो, आपण ते उचलून प्रेक्षकांपर्यंत पोचवायचं.

आमचे प्रॉम्प्टर गुलाबभाऊ. आदल्या सीझनला मी सुट्टीत लहानसं काम केलेलं, त्यामुळे त्यांचा आवाज चांगला ओळखीचा. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा खाण्यानं घात केला. पावसाळ्यात नागपूरला कॅन्सरपायी त्यांचं अख्खं स्वरयंत्र काढलं. श्वाससुद्धा गळ्याच्या भोकातून... कुजबुजणंही शक्य नाही. तरी दिवाळीनंतर माणूस हजर! खड्ड्यात नव्या प्रॉम्प्टरच्या शेजारी बसायचे, नुसते ओठ हलवत.

मालक आमच्या नाटकातले खलनायकही. ते एक दिवस बोललेच, "भाऊ, तुमच्यानं आता होनार नाई. आरमोरीकडचा प्रयोग झाला का घरी जा, आराम करा." भाऊंनी मान खाली घातली. हयात त्या खड्ड्यात गेलेला माणूस हो! मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आरमोरीजवळच्या त्या गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती झालेल्या, त्यामुळे मंडप खचाखच. दुसऱ्या अंकात मालक आणि मी समोरासमोर. नाटकात ते मला घराबाहेर काढायला आलेले काका. नेमकी नव्या प्रॉम्प्टरनं दोन पानं एकदम उलटली आणि तो भलताच प्रवेश वाचायला लागला. मी गप्प, मालक गप्प. मागून शिट्टी आली. संपलं आता सगळं, म्हटलं!

आणि खड्ड्यातून आवाज आला. जाडसर, शेवटचा शब्द जरासा ओढणारा.

"मी हे घर सोडणार नाही, काका..."

हा तर गुलाबभाऊंचा आवाज! तरी मी वाक्य उचललं. मग मालकांचं वाक्य आलं, मग माझं. टाळ्यांवर पडदा पडला.

मी धावत खड्ड्याशी गेले. "भाऊ बोलले ना आत्ता?"

नवा प्रॉम्प्टर बघतच राहिला. "काई का बोलता ताई? मी बाजूलेच होतो. ते नुसते ओठ हलवून राह्यले होते."

गुलाबभाऊंनी गळ्याकडे बोट दाखवलं, हात पसरले. त्यांनाही काही कळत नव्हतं. डोळे मात्र डबडबलेले.

मालक मेकअपमध्येच येऊन उभे होते. "पोरी, मलेबी आयकू आला. कसा आला, काऊन आला, मले इचारू नको." मग खाली वाकून भाऊंचा हात धरला. "उद्या ब्रह्मपुरीले प्रयोग हाय, भाऊ. तुमीच बसा खड्ड्यात."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आवाज निघणं शक्यच नाही. माझी डिग्री झाली, मी याच कंपनीत राहिले. भाऊ आजही प्रॉम्प्टिंग करतात. पुढच्या रांगेतल्या माणसाला काही ऐकू येत नाही, खड्ड्यात त्यांच्या शेजारी बसलं तरी नाही. रंगमंचावर उभं राहिलं की मात्र शब्द न शब्द येतो. का, ते मला अजून सांगता येत नाही.