व्याह्यांची वादळं

समुद्राची काळजी वाहणारा माणूस सबंध मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. मुठा गावात त्यांची भातशेती. मुलीच्या लग्नापर्यंत त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही त्याच्याकडे पाठ करून, कारण फोटो काढायचा होता. मग माझ्या मुलाला ओमानला, सलालाच्या बंदरात नोकरी लागली आणि त्यांची एकुलती एक लेक अरबी समुद्राच्या पार राहायला गेली. त्या दिवसापासून या समुद्रात उठणारं प्रत्येक चक्रीवादळ व्याह्यांच्या घरचं कार्य झालं. आणि त्यांच्यामागे हा घोर माझ्या घरामुळे लागला, हे माझ्या मनातून जात नाही.

मोबाइलवरचा वाऱ्यांचा रंगीत नकाशा ते रोज सकाळी पाण्याच्या टाकीवर चढून बघतात, कारण रेंज तिथेच येते. नुसता कमी दाबाचा पट्टा असेल तर "अजून बाळसं धरायचंय" म्हणून खाली उतरतात. तो फिरू लागला की मला फोन. वादळ कसं होतं, हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावलं होतं.

"तापल्या पाण्याची वाफ वर चढती, इवाई. खाली जागा रिकामी व्हती. पंगतीत एक पान उठलं की चहूकडनं माणसं धावत्यात का न्हाई, तसं वारं धावतं. पर पृथ्वी फिरतीया, म्हणून कुनालाच सरळ पोचता येत न्हाई. मग घाला गोल गोल!"

"आणि मधला डोळा?"

"तितं चिडीचूप. आमच्या घरात मी बसतो तितं."

विहीणबाई समोरच्याच पानावर होत्या. "आन भवतीनं घोंगावतं त्ये कोण म्हनायचं?" त्यांनी विचारलं. व्याह्यांनी घाईघाईने जिलबी मागवली.

दर रविवारी लेकीला फोन लावला की खुशाली नंतर, आधी "वारं कुटनं हाय?" ती म्हणते, "आप्पा, एसीतनं." एखादं वादळ भरसमुद्रात विरलं, की माझ्याकडे आंबेमोहोराची पिशवी येते.

कासार आंबोलीला माझं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाउस आहे. मागे एकदा वादळ कोकणाच्या कडेकडेने वर सरकू लागलं आणि माझ्या प्लॅस्टिकच्या छताची धडगत दिसेना. न बोलावता व्याही स्कूटरवर दोरखंडं घालून हजर झाले. आम्ही सगळे खांबांना दोर आवळत होतो, तेवढ्यात बातमी आली : वादळाने पश्चिमेला वळण घेतलं. कामगारांनी आरोळी ठोकली. बायकोने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी ओरडलो, "सुटलो, इवाई!"

व्याही गाठ मारत होते. ती त्यांनी पुरी केली. "व्हय, तुमी सुटला," ते म्हणाले.

पश्चिमेला ओमान आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझाही मुलगा तिकडेच होता, आणि मला छत आठवलं होतं.

वादळाचा निकाल लागेपर्यंत ते माझ्याकडेच राहिले. लेक घडीघडीला फोन करायची. "पाणी भरून ठिवलं का? खिडक्या? जेवलीस का?" असं यांचं चालायचं, मग ती आईची भाजी, म्हशीचं रेडकू असलं काहीबाही विचारत राहायची. मी मधूनच "काही होणार नाही हो" म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे.

शेवटी वाळवंटाकडची कोरडी हवा आत शिरली आणि किनारा गाठायच्या आधीच वादळाचा जोर ओसरला. तिकडे नुसती भुरभुर झाली. लेक हसत म्हणाली, "आप्पा, निजा आता." मी मिठाई आणायला उठलो. व्याही मात्र ओसरीवर फोन हातात घेऊन बसून राहिले.

"आता का तोंड पाडलंय? सुटली की पोर!"

"सुटली. देवाची कृपा. पर वादळ हाय तवर लेक सारखी बोलती, इवाई. विरलं की मग पुन्हा रविवार."

मी खाली बसलो. माझा मुलगाही त्या दिवसांत रोज बोलला होता.

सध्या समुद्र शांत आहे. छत शाबूत आहे, मुलं सुखरूप आहेत. काल सोमवार होता. टाकीवरून व्याह्यांचा फोन आला. नकाशा कोरा आहे म्हणाले, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ भाताच्या रोपांविषयी बोलत राहिलो.