भिंतीपलीकडच्या फोनचा फिल्टर

आमच्याकडे टेलिफोनची लाईन एक होती आणि फोन दोन. एक माझ्या बाहेरच्या खोलीत, दुसरा भिंतीपलीकडे थोरल्या जावेकडे. माधवनगरची मिल चालू होती तेव्हा माझा नवरा आणि त्याचा भाऊ दोघेही तिथेच कामाला होते. दोघांनी मिळून चार खोल्या बांधल्या, पुढे मधे भिंत घालून दोन-दोन वाटून घेतल्या. फोन घेतला तेव्हा भिंतीला भोक पाडून पलीकडे पॅरलल वायर नेली. दोघे भाऊ आता नाहीत.

रविवारी सकाळी रिंग वाजली तर ती जावेची, असं ठरलेलं होतं. तिचा मुलगा फौजेत होता. नोकरी संपल्यावर बायको-मुलांसह तिकडेच उत्तरेत राहिला. रविवारी तो फोन करायचा. रिंग दोन्ही घरांत वाजायची, पण आम्ही हात लावायचो नाही.

मग माझ्या मुलाचं लग्न झालं. मुलगी त्यानं स्वतः बघितली, साताऱ्याची, दुसऱ्या जातीची. जाऊ मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या हातचं पानी मी पिनार न्हाई." मी म्हटलं, "नका पिऊ. माझ्या हातचंबी नका पिऊ." तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. रविवारच्या रिंगला मात्र मी कधी हात लावला नाही. भांडण तिच्याशी होतं, तिच्या पोराशी नव्हतं.

कोरोनात मुलाचा कुपवाडचा कारखाना बंद पडला आणि मालकानं तो परत उघडलाच नाही. सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून करत होती. कानाला हेडफोन लावून दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि उत्तरं द्यायची. चूल तिच्या पगारावर पेटत होती. मोबाईलचं नेट आमच्या बोळात धड चालत नाही, म्हणून टेलिफोनच्या लाईनवरचं नेट घेतलं. लाईनमननं दिवे लुकलुकणारा डबा बसवला आणि माझ्या फोनच्या वायरीत काडेपेटीएवढी पांढरी डबी अडकवली. म्हणाला, "हा फिल्टर. ह्याच्यामुळं फोन आन् नेट एकमेकांच्या वाटंत येत न्हाईत."

पण नेट जायचं. सकाळी जायचं, दुपारी जायचं. सून बोलत असायची आणि समोरचा माणूस गडप व्हायचा. डबा पुन्हा सुरू होईपर्यंत ती नुसती पडद्याकडे बघत बसायची. एक दिवस तिच्या साहेबानं सांगितलं, असंच चालणार असेल तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. ती रडली नाही. दुपारी जेवली नाही एवढंच. भाकरी झाकून ठेवली तर म्हणाली, "आई, नोकरी गेली तर मला साताऱ्याला आईकडे जावं लागेल. तिथे निदान भावाच्या दुकानात बसता येईल." म्हणजे माझा मुलगाही तिच्या मागे जाणार, हे मला सांगावं लागलं नाही.

लाईनमनला परत बोलावलं. त्यानं डबा बघितला, वायर बघितली, माझा फोन उचलून कानाला लावला आणि हळूच म्हणाला, "मावशी, ह्या लाईनीवर दुसरा फोन हाय का?"

"हाय की. पलीकडं."

"मग सांगायचं न्हवतं का! लाईनीवर जेवढे फोन, तेवढ्यांना फिल्टर लागतो. त्यो बिनफिल्टरचा फोन कुनी उचलला की तुमचं नेट बसतंय, आन् त्या फोनात खरखर येतीय. घ्या, ऐका. आत्ता उचललाय कुनीतरी."

मी रिसीव्हर घेतला. टोन चालू होता आणि त्याच्यामागे कुणाचा तरी श्वास. मग खोकला. तो खोकला मी कुठेही ओळखला असता.

आता कळलं. जाऊ कुणाला फोन लावत नव्हती. फोन चालू आहे का, हे बघायला उचलत होती. दिवसातून कितीतरी वेळा. तिच्या मुलाचा फोन येणं बंद झालं होतं. मला ते ठाऊक होतं, कारण रिंग माझ्याही घरात वाजली असती.

माझा मुलगा म्हणाला, "भिंतीपाशी वायर तोडू. भानगडच नको."

मी म्हटलं, "तिला तेवढाच फोन आहे." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिच्या पोरानं दिलेला मोबाईल तिला चालवता येत नाही, तो कपाटात पडून असतो. लाईनमनकडून दुसरा फिल्टर घेतला. कुठली वायर कुठे घालायची ते त्याच्यासमोर करून बघितलं आणि मीच गेले.

दार लोटलं तर आतून आवाज आला, "कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजी कोन?"

तिला चांगलं कळलं होतं. मी आत जाऊन उभी राहिले. "आक्का, तुमच्या फोनला ही डबी लावायची हाय. खरखर जाईल."

"व्हय, लय खरखर हाय. ते नेट का काय घेतल्यापास्नं. त्यापायीच त्याचा फोन लागंना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुनंसाठी आलीयास न्हवं?"

"व्हय. तिच्या पगारावर चाललंय आमचं."

"मग तसं म्हन की. माझ्या खरखरीचं नाव कशाला?"

मी डबी पुढे धरली.

"लाव बाई. तुझ्या सुनंनं माझं काय घोडं मारलंय?"

मांडवातलं बोलणं ती विसरली होती की सोयीनं बाजूला ठेवत होती, ते विचारलं नाही. फोनची वायर काढली, फिल्टरमध्ये घातली, फिल्टर मधे जोडला आणि रिसीव्हर कानाला लावला. टोन स्वच्छ होता. तिच्या हातात दिला.

तिनं तो बराच वेळ कानाशी धरला. मला वाटलं होतं, बरं वाटेल तिला. तिचं तोंड उतरलं.

"नीट हाय का आता?"

"हाय," म्हणाली. रिसीव्हर पदरानं पुसून जागेवर ठेवला. "जा तू. पोरगी वाट बघत असंल."

नेट चालू राहिलं. सून जेवायला लागली. आम्हाला वाटलं, मिटलं. आणि एका दुपारी, ती साहेबाशीच बोलत असताना, नेट गेलं. तिनं हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. मी चप्पल न घालताच पलीकडे गेले.

फिल्टर खिडकीत पडला होता, तिच्या चष्म्याजवळ. फोनची वायर थेट भिंतीत जोडलेली. रिसीव्हर तिच्या कानाला होता.

"आक्का, डबी का काढली?"

"डबीनं आवाज साफ येतो."

"साफ यावा म्हनूनच लावली हुती."

"साफ घिऊन काय करू?" ती माझ्यावर ओरडली. "खरखर हुती तवा म्हनत हुते, फोनच बिघडलाय, तर त्यो तरी काय करंल. आता काय म्हनू? सांग की!"

बोलणं तिचं खरं होतं. पण भिंतीच्या अलीकडे सून बंद पडद्यापुढे बसली होती, तेही खरं होतं. फिल्टर परत लावला असता तर तिनं परत काढला असता. तिच्या जागी मी असते तर मीही काढला असता.

मी म्हटलं, "मग मी वायर तोडती, आक्का."

रिसीव्हर अजून तिच्या हातातच होता. मग म्हणाली, "तोड. फोन आला तर सांग त्याला, लाईन तुटली म्हनावं. आई बोलत न्हाई असं नको वाटाय त्याला."

"सांगीन."

"मोबाईलवर कर म्हन. मी शिकती म्हनावं."

"सांगीन, आक्का."

घरी येऊन मुलाच्या पेटीतली पकड घेतली आणि भोकाशी वायर तोडली. एका दाबात तुटली. सुनेनं विचारलं, "काकू काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "तोड म्हणाल्या." यापेक्षा जास्त तिला सांगितलं नाही. तिला कामाला बसायचं होतं.

नोकरी टिकली. मुलालाही मागाहून मिरजेत काम लागलं, ती दोघं इथेच आहेत. जाऊ समोरून आली की आता एखादा शब्द बोलते, पाण्याचं, दुधाचं. फोनचं विचारत नाही. विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल किंवा खरं, आणि दोन्हीची माझी तयारी नाही.

रविवारी सकाळी मी भाजी निवडायला बाहेरच्या खोलीत बसते. रिंग वाजली की आता मीच उचलते. एकदा बँकेचा होता, एकदा चुकून लागलेला. त्याचा अजून आलेला नाही.